वाफ्याच्या कडेचे दगड

४ जून २०००

पेमा सुभेदारांनी आज ही वही दिली. म्हणाले, "मसाजीभाऊ, तुमी तिसरीपर्यंत शिकलेले. स्मारकाच्या वाफ्यांना कोनी पानी घातलं, कोनी निंदलं, ते ह्यात लिवत जा." मी हो म्हणालो आणि घरी येईपर्यंत पस्तावलो. चुकीचं लिहिलं तर दहा जण विचारायला येतील. म्हणून पाण्याची नोंद मागच्या पानांवर करायची आणि पुढच्या पानांवर माझं मी लिहायचं, असं ठरवलं. पुढचं कोणाला दाखवायचं नाही.

स्मारक आमची वाडी आणि तांडा यांच्या मध्ये, वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. फौजेत गेलेल्यांची नावं काळ्या दगडावर कोरली आहेत. जे वारले ते चौघे वर. माझा पोरगा प्रभू वरून तिसरा. सहा वर्षांपूर्वी सरहद्दीवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात गेला. त्याची ट्रंक घरी आली. तो आला नाही.

नावांच्या पायथ्याला फुलांचे वाफे करायचे, ही कल्पना सुभेदारांची. ते तांड्यावरचे, आता पेन्शनीत आहेत. सरकारला काही मागायचं नाही, वाडीनं आणि तांड्यानं अंगमेहनतीनं करायचं, असं त्यांचं म्हणणं. चौघांचे चार वाफे. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, हिंगोलीच्या कचेरीतले साहेब येऊन फुलं वाहणार.

तिसरा वाफा अर्थातच माझ्याकडे. झेंडू लावायचा आहे. फुलांतलं मला काही कळत नाही, सगळा जन्म मेंढरांत गेला. रोपं कुजली तर? सगळ्यांचे फुलले आणि प्रभूचाच उजाड राहिला तर?

११ जून

बाकीच्यांनी वाफ्यांना विटांची कड केली. विटा पावसात झिजतात, मला दगडाची करायची होती. तांड्याच्या मागं ओढ्यापलीकडं माळावर एक जागा मला ठाऊक होती. तिथं पाणी साचत नाही, म्हणून पावसाळ्यात मी मेंढरं तिथंच बसवतो. लहानमोठे दगड पडलेले आहेत, ओळीत, तीन-तीन हातांवर, कोणी मोजून ठेवावेत तसे. बहात्तरच्या दुष्काळात माळावर सरकारी कामं निघाली होती, त्यातले उरलेले असणार. त्या साली मी मेंढरं घेऊन आदिलाबादकडं होतो, त्यामुळं इकडं काय झालं ते पाहिलेलं नाही.

चौदा निघाले. अर्धे जमिनीत रुतले होते, पहारीनं उकरावे लागले. गाडीत घालून आणले तेव्हा माझी बायको पंचफुला म्हणाली, "कुनाचे न्हाईत ना?"

"गायरानातल्या दगडाचा कोनाकडं सातबारा हाय का?" मी म्हणालो.

बोललो खरं, पण तेव्हापासून मन खात आहे. तलाठ्यानं विचारलं तर काय सांगावं?

२० जून

दगड कडेनं बसवले. एक चुन्याचा पांढरा, एक गेरूचा लाल, असे रंगवले. शेषराव सरपंच मोटारसायकल थांबवून बघत उभे राहिले. "मसाजीकाका, वाफा हाय का नवरी? हळद लावायची तेवढी राहिली."

सगळे हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

तांड्यावरच्या बाया निंदायला आल्या होत्या. त्यांच्यात मिराबाई होती. पन्नाशीची आहे, कामाला वाघीण, बोलायला गरीब. तिच्या दिराचं नाव दगडावर पहिलं आहे, म्हणून पहिला वाफा तिच्याकडे. ती माझ्या वाफ्यापाशी आली आणि उभ्याची खाली बसली. मला वाटलं, ऊन लागलं. पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. खुरपं तिथंच टाकून घरी गेली.

तिला काय झालं कोणाला माहीत. माझा वाफा चांगला दिसतो याचं वाईट वाटलं असेल का?

९ जुलै

मिराबाई पुन्हा येऊ लागली आहे. पण स्वतःचा वाफा सोडून माझाच निंदते. मी सांगितलं, "बाई, हा माझ्याकडं हाय." ती म्हणाली, "व्हय बापू, ठाव हाय मला." आणि निंदतच राहिली. तणाची काडी ठेवत नाही. दगडांच्या बुडाची मातीसुद्धा हातानं दाबून बसवते.

तिच्या दिराच्या वाफ्यात गुडघाभर केना माजला आहे. नोंदीत काय लिहू?

२३ ऑगस्ट

आज सकाळी पाणी घालायला गेलो. वाफ्याच्या कडेला प्रत्येक दगडापुढं पळसाच्या पानाचा तुकडा, त्यावर गुळाचा खडा आणि तुपाचं बोट. एकही दगड सुटलेला नाही. दुसऱ्या कोणत्या वाफ्याला काही नाही.

कोणी आणि काहून करावं? माझ्या मेलेल्या पोराच्या नावाखाली? मी फडक्यानं सगळं गोळा करून ओढ्यात फेकलं. फडकंही फेकलं.

शेषरावांना सांगितलं. त्यांना आधी हसू आलं. मग म्हणाले, "काका, तांड्याच्या बायांचं काय सांगावं. त्यांचं करून राहतात त्या काय काय. तुमी एकदा डोळ्यानं बघा, मग बघू आपन."

पंचफुलाला सांगितलेलं नाही. ती एक तर भिईल, नाहीतर मलाच बोलेल.

२७ ऑगस्ट



चार दिवस तांबडं फुटायच्या आधी जाऊन बसत होतो. आज ती आली. मिराबाईच. पदराआडून पानं काढली आणि पहिल्या दगडापाशी बसली. मी धावत जाऊन तिचा हात धरला आणि ओरडलो. काय ओरडलो ते आता लिहवत नाही. करणी करतेस, माझ्या पोराच्या जागेवर करणी करतेस, असंच. रस्त्यानं दूध घेऊन जाणारे थांबले, वाडीतले आले, तांड्यावरचे आले. चाळीस माणसं झाली असतील. शेषराव आले. मिराबाई जमिनीकडं बघत उभी. मला वाटलं, चोर सापडला की असाच गप्प होतो. मी आणखी जोरात बोललो.

मग पेमा सुभेदार आले. गर्दीतून वाट काढत आधी मिराबाईशी त्यांच्या बोलीत काही बोलले. तिनं दोन शब्द सांगितले. सुभेदारांनी वळून माझ्या वाफ्याकडं पाहिलं. एकेका दगडाकडं पाहिलं. फौजेत तीस वर्षं काढलेला माणूस, पण त्यांचा चेहरा मेणासारखा झाला.

"मसाजीभाऊ," ते म्हणाले, "हे दगड कुठले?"

"माळावरचे. ओढ्यापलीकडचे."

"ओळीत व्हते?"

"व्हय."

त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला लिंबाखाली नेलं. हळू आवाजात सांगितलं. बहात्तरला सगळा तांडा तलावाच्या कामावर होता. प्यायला गढूळ पाणी. हगवण-वांतीची साथ आली आणि आठ दिवसांत तांड्यावरची चौदा लेकरं गेली. लहान लेकराला ते जाळत नाहीत, पुरतात. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून प्रत्येकाच्या वर एक दगड ठेवला.

"मी तवा फौजेत. मला पत्रानं कळलं," सुभेदार म्हणाले. "जागा मला दाखवली व्हती, पर रंग दिल्यावर दगड मी काय वळखनार? तुमी मला इचारायचं तरी."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी लिंबाच्या बुडाला बसलो. माणसं पांगली. मिराबाई तिथंच होती. मी तिच्याकडं जाऊन विचारलं, "बाई, तू पहिल्याच दिवशी सांगायचं ना गं. काहून न्हाई सांगितलं?"

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमाला ठाव हाय."

"आं?"

"जानूनच आनले आसं वाटलं, बापू. तुमचं पोरगं देशासाठी गेलं. त्याच्या कामाला आमचे दगड लागले. आता कुनाला काय म्हनावं?"

दोन महिने ती असं समजत होती. आणि तरी रोज येऊन निंदत होती.

२९ ऑगस्ट

आज पोळा. बैल सजवले नाहीत. पंचफुलानं विचारलं, मी सांगितलं. ती हातातली पुरणाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आपली मेंढरं कुठं बसवत व्हते तुमी?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अठ्ठावीस पावसाळे. तीनशे मेंढरं.

जेवण गेलं नाही.

१ सप्टेंबर

शेषरावांकडं गेलो. म्हणालो, दगड काढून परत नेतो. ते खुर्चीतून उठलेच. "काका, याड लागलं का? सोळा दिवसांवर कार्यक्रम आला. साहेबांची तारीख घेतलेली हाय. अन् तुमचाच वाफा उकरून ठिवता?"

"पर ते लेकरांचे हायेत."

"व्हय ना. अठ्ठावीस साल थांबले, आनखी सोळा दिवस थांबले तर काय बिघडतं? सतरा तारीख जाऊ द्या. अठराला मी सोता ट्रॅक्टर देतो."

उजाड मातीपुढं साहेब उभे आहेत आणि वर प्रभूचं नाव आहे, असं डोळ्यापुढं आलं. झेंडूला कळ्या धरल्या आहेत. मी बरं म्हणालो.

बरं म्हणालो, हे मी केलं. हे लिहून ठेवतो.

परत येताना सुभेदार भेटले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुमचा वाफा हाय, तुमी ठरवा." एवढंच. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

८ सप्टेंबर

मिराबाई येत नाही. तांड्यावरचं कोणीच येत नाही. मागच्या पानांवर बारा दिवस फक्त वाडीची नावं आहेत. पहिला वाफा मी आणि पंचफुलानं मिळून निंदला.

झेंडू फुलला. असा फुलला की रस्त्यावरचे जीपवाले थांबून बघतात. मला त्याच्याकडं बघवत नाही.

१७ सप्टेंबर

झेंडावंदन झालं. तांड्यावरचे आले होते. मला वाटलं नव्हतं येतील. बाया एका ओळीत उभ्या, मिराबाई शेवटी. सुभेदारांनी गणवेशाचा कोट घातला होता, छातीला पदकं. त्यांनी एकेक नाव वाचलं. प्रभूचं नाव वाचलं तेव्हा पंचफुलानं माझी बाही धरली.

साहेब तरुण आहेत, बोलायला चांगले. प्रत्येक वाफ्यापाशी थांबून फुलं वाहत होते. माझ्या वाफ्यापाशी आले आणि त्यांच्या बुटाची नाडी सुटली. त्यांनी पाय उचलून कडेच्या दगडावर ठेवला आणि वाकून नाडी बांधू लागले. पांढऱ्या दगडावर. बुटाला चिखल होता.

सगळे बघत होते आणि कोणाला काही वाटलं नाही. कशाला वाटेल? कडेचा दगड आहे. मी बायांच्या ओळीकडं पाहिलं. त्या सगळ्या त्या बुटाकडं बघत होत्या. एकीनं तोंडावर पदर घेतला. मिराबाईनं घेतला नाही.

मी काय करतो आहे ते मला कळलं नाही. मी साहेबांपुढं खाली बसलो आणि डोक्याचं मुंडासं काढून दगडावरचा चिखल पुसू लागलो. त्यांचा पाय अजून वरच होता.

"असू द्या, असू द्या बाबा," ते म्हणाले आणि त्यांनी लगेच पाय काढला. "मलाच लक्षात यायला हवं होतं. किती जीव लावलाय तुम्ही."

शेषराव हसले. "लई जीव आमच्या काकांचा ह्या वाफ्यावर."

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं.

साहेबांची गाडी वळणाआड गेली तोवर मी थांबलो. मग घरून पहार आणली आणि पहिला दगड उपसला. शेषराव म्हणाले, "आज न्हाई काका, मंडप तरी उतरू द्या." मी थांबलो नाही. झेंडूची तीन झाडं मुळासकट आली. कोणीतरी दुसरी पहार घेऊन पलीकडून उकरायला लागलं. पाहिलं तर सुभेदार. कोट काढून बाजूला ठेवला होता, पदकांसकट.

१९ सप्टेंबर

काल दगड परत ठेवले. काल लिहिणं झालं नाही.

सकाळीच गाडी जुंपली. ट्रॅक्टरची वाट पाहिली नाही. त्या लेकरांच्या नऊ आया आल्या. बाकीच्या पाच जणी वारल्या. ओढ्याकाठी गाडी सोडून दगड धुतले. काथ्यानं घासघासून चुना निघाला, गेरू निघता निघेना. मिराबाई माझ्याशेजारी घासत होती. मी विचारलं, तुझा कोणता? ती म्हणाली, "आमचा गोल हाय बापू, काळा. घरचा धुन्याचा दगड व्हता, मदी झिजलेला. घाईत तोच उचलून नेला."

माळावर पोचलो तर जागाच सापडेना. गवत मांडीपर्यंत. दगड उपटून तीन महिने झाले, वर पावसाळा गेला, खड्डे भरून आले. बाया इकडं तिकडं फिरू लागल्या. कोणी म्हणे इथं, कोणी म्हणे तिथं. एक बाई मटकन बसली आणि रडायला लागली. सुभेदार माझ्याकडं बघत होते.

तेव्हा मला एक गोष्ट दिसली. माळावर सगळीकडं पवना गवताचे जुने ठोंब आहेत. जिथं दगड होता तिथं इतकी वर्षं काही उगवलं नव्हतं, तिथं ठोंब नाही. तिथं यंदाचं कोवळं तण आहे. मेंढरं चारणाऱ्याला हे लांबूनही कळतं. मी काठीनं दाखवत गेलो. इथं एक, इथं एक. चौदा जागा निघाल्या, ओळीत, तीन-तीन हातांवर. जागा दिसल्यावर बायांना आपापली आठवली. ओढ्याकडून चौथी, बोरीपासून दुसरी, अशी.

दगडांचं मात्र तसं नव्हतं. गाडीतून उतरवले तेव्हा पंधरा नग झाले. ह्या वहीत मी एक लिहिलं नव्हतं. वाफ्याच्या कोपऱ्याला बसेना म्हणून एक चपटा दगड मी घणानं फोडून दोन केला होता. आता ते दोन तुकडे गवतावर सगळ्यांपुढं पडले. मी सांगितलं, हे माझ्या हातून झालं.

बायांची बोटं दगडांवरून फिरताना थांबू लागली. त्या तुकड्यांकडं कोणी बघेना. आपला तोच निघाला तर, असं प्रत्येकीला वाटत असावं.

नानीबाई सगळ्यांत म्हातारी, दोन्ही डोळे गेलेले, नातसुनेचा हात धरून आली होती. तिला खाली बसवलं. तिनं एकेक दगड हातानं चाचपला. एकाचा मध्यभाग तिच्या तळव्याला लागला, तिथं तिचा हात फिरत राहिला. "ह्यो," ती म्हणाली. "ह्यो माज्या पोरीचा. कसा गुळगुळीत हाय बघ गं मिरा."

मिराबाई तिच्यापाशीच बसली होती. ती थोडा वेळ त्या दगडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय नानीमाय. बराबर. तुजाच हाय."

तिनंच तो काळा दगड उचलून नानीबाईच्या जागेवर नेऊन ठेवला. म्हातारीचा हात धरून त्यावर टेकवला. त्यानंतर बाकीच्या सात जणींनी आपापले घेतले. ज्यांच्या आया राहिल्या नाहीत त्या पाच जागांवर सुभेदारांनी ठेवले.

शेवटी ते दोन तुकडे राहिले आणि मिराबाई राहिली.

"ह्यो माजा," ती म्हणाली.

मघाशी ती गोल म्हणाली होती. पण अठ्ठावीस वर्षं झाली, माणसाच्या किती ध्यानात राहणार. दोन्ही तुकडे तिनं काखेत मारून नेले. मी मागं गेलो. हात जोडले, म्हणालो, बाई, तुझाच फुटला गं माझ्या हातून.

"फुटू द्या बापू," ती म्हणाली. "दोन झाले. एक उशाला व्हईल, एक पायथ्याला." आणि तसे ठेवले.

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. चौदा दगड होते. मी त्यातला एकच फोडला. जिच्यावर मी चाळीस माणसांत ओरडलो, नेमका तिच्याच लेकराचा तो निघावा? हे कसं व्हावं? इतका धक्का मला लिंबाखालीसुद्धा बसला नव्हता.

आज दुपारी पंचफुलाला हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काळा गोल कुनी घेतला म्हनता?"

"नानीबाईनं."

"अन् मिरा काय बोलली त्यावर?"

"काय बोलनार. बराबर हाय म्हनाली."

पंचफुलानं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, मी काही तरी विसरलो आहे असं. मग उठली, पायात वहाणा घातल्या आणि एकटीच तांड्याच्या वाटेला लागली. कशाला जाते ते सांगितलं नाही.